सेलाडॉनवरची कोरीव नक्षी कशी वाचायची?

खापरवेडा

संग्रहालयात चिनी सेलाडॉनचं, म्हणजे हिरव्या ग्लेझच्या भांड्यांचं, कपाट आलं की बहुतेक लोक "काय सुंदर हिरवा आहे" म्हणतात आणि पुढे सरकतात. पाट्याही रंगाबद्दलच बोलतात. हा धागा त्या हिरव्याखाली जे कोरलेलं असतं त्याबद्दल. कामानिमित्त काही काळ चीनमध्ये शिआनला होतो, तिथून उत्तरेला तोंगछ्वान शहराजवळ ह्वांगपाओ नावाचं गाव आहे. याओचौच्या प्रसिद्ध भट्ट्या तिथल्या. तिथलं संग्रहालय पाहिल्यापासून हे वेड मागे लागलंय.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी: थोडं लोह असलेलं ग्लेझ चढवायचं, भट्टीत हवा कोंडून १२०० ते १३०० अंशांपर्यंत भाजायचं, की हिरवी झाक येते. कोरीव कामाच्या दृष्टीने यात मुख्य तीन घराणी. झेजियांगच्या उत्तरेला शांगलिन सरोवराच्या काठचं युए, भर नवव्या-दहाव्या शतकात. मग शानशी प्रांतातलं याओचौ, भर उत्तर सुंग राजवटीत, म्हणजे ९६० ते ११२७. आणि झेजियांगच्याच नैऋत्येच्या डोंगरातलं लोंगछ्वान, बाराव्यापासून पंधराव्या शतकापर्यंत.

आता मुद्द्याचं. याओचौचा वाडगा हातात घेतला (किंवा काचेबाहेरून मान वाकडी करून पाहिला) तर पेओनीचं फूल पृष्ठभागावरून वर उठल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ते फारसं वर नसतंच. कारागीर पाकळीच्या कडेने सुरी खोल घालतो आणि मग पातं तिरकं धरून बाहेरच्या बाजूला पसरट उतार काढतो. खाचेची एक भिंत जवळजवळ उभी, दुसरी निवांत उतरती. भट्टीत ग्लेझ वितळतं, वाहतं आणि त्या खाचेत साचतं. पाकळीला लागून थर सर्वांत जाड, तिथे रंग गडद, आणि उतारावरून बाहेर जाताना फिका होत जातो. म्हणजे छटा देण्याचं काम कुंचल्याने केलेलंच नाही. कारागिराने फक्त उताराचा कोन ठरवला, बाकीचं काम ग्लेझने केलं.

एवढं लक्षात आलं की सेलाडॉन पाहण्याची पद्धतच बदलते. नक्षीत काय आहे, कमळ की मासा, हे नंतर. आधी खाच कुठल्या बाजूला खोल आहे ते पाहायचं.

ह्वांगपाओच्या लोकांना आपल्या कामाची किंमत माहीत होती. १०८४ सालचा तिथल्या भट्टीदेवतेचा शिलालेख आहे. त्यात या भांड्यांचं कौशल्य ओतीव धातूच्या तोडीचं आणि बारकाई कोरलेल्या जेडच्या (हिरवट मौल्यवान दगडाच्या) तोडीची म्हटली आहे. त्याच सुमाराच्या राजदरबारी नोंदीत याओचौहून ५० भांडी नजराणा म्हणून येत असल्याचा उल्लेख आहे. पन्नासच! भट्ट्यांचा पसारा पाहता हा आकडा गमतीचा वाटतो. निवडून निवडून पाठवत असणार.

---

नलूताई

छान लिहिलंय. माझे अगदी बाळबोध प्रश्न. हे कोरायचं कधी, भाजायच्या आधी की नंतर? आणि ग्लेझ म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीवर चकचकीत असतं तेच ना?

---

मृण्मयी

नलूताई, हो, बरणीवर असतं तेच, फक्त घटक वेगळे. आणि कोरायचं भाजायच्या आधीच.

मी भद्रावतीला शिकले, आता तळेगावजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. चाकावरून उतरवलेलं भांडं एक-दोन दिवस झाकून ठेवतो. ते अशा अवस्थेला आलं पाहिजे की बोटाने दाबलं तर ठसा उमटू नये, पण नख लावलं तर ओरखडा निघावा. आम्ही याला सरळ लेदर हार्ड म्हणतो. तेव्हा सुरी घातली की मातीची सलग फीत निघते, मऊ, वळलेली. अजून ओलं असेल तर खाचेच्या कडेला मातीचा काठ उठतो आणि पात्याला चिकटतो. फार सुकलं असेल तर फीत निघतच नाही, बारीक चुरा पडतो आणि कड दातेरी होते. मधला वेळ पावसाळ्यात दिवसभर मिळतो, एप्रिलमध्ये तासाभराचाही नाही.

खापरवेडा म्हणतात तो दुहेरी काप करून पाहिलाय. हॅकसॉचं तुटलेलं पातं घासून तिरकं केलं आणि एका वाडग्यावर पाकळ्या काढल्या. पहिला उभा काप सोपा. दुसरा, बाहेरचा पसरट उतार, तो एका दमात जायला हवा. हात मध्ये थांबला की तिथे पायरी पडते. आणि कच्च्या मातीवर ती पायरी दिसतही नाही! ग्लेझ फायरिंग झाल्यावर नेमकी तिथे आडवी गडद रेघ उमटते. सेलाडॉन काही झाकत नाही, उलट चुगली करतं. म्हणूनच त्या जुन्या कारागिरांच्या वेगाचं नवल वाटतं. त्यांच्या रेषेत दुरुस्ती दिसतच नाही.

---

केमिकल_लोच्या

शेवटी आमच्या खात्याचा धागा आला. :)

हिरवा रंग का: ग्लेझमध्ये लोहाचं ऑक्साइड साधारण एक ते तीन टक्के. भट्टीत भरपूर हवा असेल तर लोह फेरिक अवस्थेत राहतं आणि रंग पिवळा-तपकिरी येतो. हवा कोंडली, धूर वाढला की कार्बन मोनॉक्साइड त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, लोह फेरस होतं, आणि रंग निळसर-हिरवा. टायटॅनियम थोडं जास्त असेल तर निळा जाऊन हिरवा-पिवळा कल येतो.

जाड थर गडद आणि पातळ थर फिका हा तर बीअर-लँबर्टचा नियम. प्रकाश जितका जास्त अंतर रंगीत काचेतून जाईल तितका जास्त शोषला जाईल. या लोकांनी ते सुरीने वापरलं, समीकरण न लिहिता.

खरी गंमत ग्लेझच्या चिकटपणात आहे. युए आणि याओचौचं ग्लेझ चुनायुक्त. भट्टीत पातळ होतं, वाहतं, थंड झाल्यावर पारदर्शक राहतं. त्यामुळे खाचांत नीट साचतं आणि खालचं सगळं दिसतं. दक्षिण सुंग काळात (११२७ नंतर) लोंगछ्वानवाल्यांनी ग्लेझमध्ये पोटॅशसारखे अल्कली वाढवले. ते घट्ट झालं, वाहेना. मग थरांवर थर चढवता यायला लागले. आत असंख्य बारीक बुडबुडे आणि न विरघळलेले क्वार्ट्झचे कण अडकले, प्रकाश त्यात विखुरला आणि तो प्रसिद्ध जेडसारखा मऊपणा आला. पण त्या धुक्याखाली कोरीव काम दिसणार कसं?

---

खापरवेडा

केमिकल, बरोबर मर्मावर बोट ठेवलंत. त्यात भर: याओचौवाले अकराव्या शतकात लाकडावरून दगडी कोळशावर गेले. जवळपास जंगल संपत आलेलं, कोळसा मात्र मुबलक. ठेंगण्या, घुमटी भट्ट्या. दक्षिणेत डोंगरउतारावर लांबच लांब भट्ट्या, त्यांना ड्रॅगन भट्टी म्हणतात, आणि इंधन लाकूड. याओचौचा तो ऑलिव्हकडे झुकणारा रंग आणि लोंगछ्वानचा निळसर, हा फरक केवळ आवडीचा नाही, जमिनीतून आणि भट्टीतून आलाय.

---

शहाजोग

सगळं ठीक. पण चिन्यांच्या ताटवाट्यांचं आपण एवढं कौतुक का करायचं? आणि एका हिरव्या वाडग्याला लिलावात कोट्यवधी रुपये म्हणजे श्रीमंतांचे चोचले. हे साच्यातून छापलेलं नाही कशावरून?

---

दर्यावर्दी

शहाजोगराव, आपला संबंध समुद्रातून येतो.

संजाणला, म्हणजे आपल्या डहाणूच्या पुढे गुजरातची हद्द लागली की लगेच, या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन झालं, त्यात चिनी भांड्यांची खापरं निघाली. चौलच्या परिसरातही मिळाली आहेत. केरळात कोल्लमच्या बंदरातून गाळ काढताना २०१४ साली चिनी नाण्यांबरोबर चिनी भांड्यांचे तुकडे वर आले. दिल्लीत तुघलकांच्या वाड्याच्या आवारात चौदाव्या शतकातल्या चिनी भांड्यांचा साठाच सापडला, निळी-पांढरी जास्त, सेलाडॉन थोडी. इब्न बतूताने लिहूनच ठेवलंय की चिनी भांडी हिंदुस्थानात आणि तिथून पुढे पार त्याच्या मगरिबपर्यंत (वायव्य आफ्रिकेपर्यंत) जातात.

किती माल जायचा याचा अंदाज बुडालेल्या जहाजांवरून येतो. जावा समुद्रात चिरेबोनजवळ सापडलेलं दहाव्या शतकातलं जहाज, त्यात प्रामुख्याने युएची भांडी. कोरियाजवळ सिनान इथे १३२३ साली बुडालेलं जहाज, चीनच्या निंगबो बंदरातून जपानला निघालेलं. १९७५ मध्ये मच्छीमारांच्या जाळ्यात पहिली भांडी आली. पुढे वीस हजारांहून जास्त भांडी काढली, त्यातली निम्म्याहून जास्त सेलाडॉन, बहुतेक लोंगछ्वान. इस्तंबूलच्या तोपकापी वाड्यात सुलतानांनी जपलेली सेलाडॉन सुमारे १३०० आहेत. चोचले म्हणा, पण आठशे वर्षं आणि निम्म्या जगाचे चोचले आहेत.

---

सोलापूरकर

आमच्याकडून विजापूर जवळ. गोल घुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात चिनी भांडी आहेत, आदिलशाही वैभवातली. बघून या.

दख्खनमध्ये आणि मुघलांकडे या हिरव्या भांड्यांना घोरी म्हणत. त्यात विषारी अन्न वाढलं तर ताटाला तडा जातो किंवा रंग बदलतो अशी समजूत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात गाईड हे आवर्जून सांगतात. खरं आहे का हो?

---

केमिकल_लोच्या

सोलापूरकर, नाही. १२५० अंशांवर पक्की झालेली काच आहे ती. सोमल वाढा नाहीतर शिकरण, तिला फरक पडत नाही. पण ताट विष ओळखतं अशी अफवा स्वयंपाकघरात पसरलेली असणं हाच एक बंदोबस्त झाला की.

---

खापरवेडा

शहाजोग यांचा साच्याचा प्रश्न टोमणा म्हणून आला असेल, पण धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न तोच आहे. कारण याओचौमध्ये साचा खरंच आला. उत्तर सुंगच्या उत्तरार्धात मागणी वाढली तसे भाजलेल्या मातीचे, छत्रीसारखे फुगीर साचे वापरात आले. उत्खननात ते मिळाले आहेत. साच्यावर नक्षी खोलगट कोरलेली. अर्धवट सुकलेला वाडगा त्यावर पालथा घालून थापटायचा, की आतल्या बाजूला नक्षी उठावात येते.

ओळखायचं कसं? साच्याच्या कामात नक्षी गच्च भरलेली असते. देठ, पानं, फुलं, मध्ये मुलं खेळतायत, सगळं एकमेकांत गुंतलेलं. रेषेची जाडी सगळीकडे सारखी. उंचवटा दोन्ही बाजूंनी सारखाच गोलसर उतरतो, त्यामुळे ग्लेझ दोन्हीकडे सारखं साचतं आणि छटा सपाट राहते. हाताने कोरलेल्यात एका कडेला गडद, दुसरीकडे विरत जाणारा. शिवाय सुरी जिथे वळली तिथे खाच रुंद, जिथे उचलली तिथे निमुळती. पानांच्या शिरांसाठी त्यांनी दात्यांची फणी वापरली आहे. एकाच फटकाऱ्यात समांतर पाच-सात रेघा. त्या रेघांमध्ये अंतर सारखं असतं पण दाब बदलतो. लाटांच्या नक्षीत तर फणी नुसती गोल फिरवलीय आणि मध्ये एखादं बदक किंवा मासा सोडून दिलाय.

फणीवरून आठवलं. फूच्येन प्रांतात थोंगआनच्या बाजूला स्वस्त सेलाडॉन व्हायचं, फणीने भराभर ओढलेल्या रेघांचं. जपान्यांनी त्या नक्षीला 'मांजराचे ओरखडे' असं नाव दिलं आणि तेच वाडगे चहासाठी डोक्यावर घेतले.

माझं मत विचाराल तर कोरीव कामाचा कळस अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं याओचौ. साचा आल्यावर माल वाढला, जीव कमी झाला. आणि लोंगछ्वान कितीही सुंदर असलं तरी तिथे कोरणाऱ्याची सत्ता संपली, ग्लेझवाल्याची सुरू झाली.

---

मृण्मयी

इथे मी भांडणार.

लोंगछ्वानच्या दक्षिण सुंग काळातल्या कमळपाकळ्यांच्या वाडग्यांकडे पुन्हा बघा. बाहेरच्या अंगाला चहूबाजूंनी पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या मध्ये एक उभा कणा. आत काही नाही, कोरं. त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं की वर दुधाळ, जाड ग्लेझ येणार आणि बारीक रेघ त्यात बुडून जाणार. म्हणून त्याने रेघ काढलीच नाही, त्याने धार काढली. ग्लेझ धारेवरून खाली सरकतं, तिथे थर पातळ होतो आणि खालची फिकट माती डोकावते. प्रत्येक कण्यावर एक पांढुरकी रेषा. याओचौमध्ये खाच गडद होऊन बोलते, इथे उंचवटा फिका होऊन. तंत्र तेच, उलटं फिरवलेलं. यात कोरणाऱ्याची सत्ता कुठे संपली? उलट जास्त अंदाज लागतो. मी करून पाहिलंय. धार किंचित बोथट राहिली तर पांढरी रेषा येतच नाही, आणि फार तीक्ष्ण केली तर ग्लेझ तिथून पार मागे हटतं आणि उघडी माती दिसते, करपलेल्या रंगाची.

पुढे युआन काळात, म्हणजे मंगोल राजवटीत, त्यांनी आणखी वाटा काढल्या. मासे, ड्रॅगन साच्यातून वेगळे काढून भांड्यावर चिकटवले, ताटाच्या तळाशी दोन मासे पोहतायत ते तुम्ही पाहिलं असेल. काही वेळा तर त्या उठावावर ग्लेझ घातलंच नाही, उघडी माती भट्टीत विटकरी झाली आणि हिरव्यावर लाल ड्रॅगन उभा राहिला. हा दृष्टीकोन शिल्पकाराचा आहे.

---

खापरवेडा

कण्याचा मुद्दा मान्य. "तंत्र तेच, उलटं फिरवलेलं" हे इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

पण चिकटवलेल्या माशांना मी कोरीव काम म्हणणार नाही. आणि चौदाव्या शतकातली ती मोठमोठी लोंगछ्वानची ताटं बघा, पश्चिम आशियात एका ताटातून अनेकांनी जेवण्यासाठी बनवलेली. त्यात मध्यभागी पेओनी कोरलेली असते, पण घाईत. ग्लेझ आहे म्हणून निभावतं. युआननंतरच्या मिंग दरबाराने मागवलेली मात्र वेगळी. १३९३ च्या फर्मानात दरबारी भांडी कुठे भाजायची त्यात लोंगछ्वानचा भाग आहे. तिथल्या फंगतुंगयान भट्टीचं २००६-०७ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा त्या दर्जाचे तुकडे निघाले. ती कोरणी पुन्हा ठाम आहे.

युएबद्दल बोललोच नाही. त्यांची रेषा वेगळ्याच जातीची. सुरी नाही, टोकदार सळई. केसासारखी बारीक रेघ, पोपटांची जोडी, फिनिक्स, ढग. ग्लेझ पातळ आणि पारदर्शक, म्हणून एवढी बारीक रेघही टिकते. मात्र त्यांनी उठावाचंही काम केलं. सूचौच्या वाघटेकडीवरच्या स्तूपात १९५० च्या दशकात सापडलेला कमळवाडगा, खाली बैठक, वरपासून खालपर्यंत पाकळ्याच पाकळ्या. स्तूप ९६१ चा. सूचौ संग्रहालयात तो आहे. त्याचं 'गुप्त रंगा'चं ग्लेझ म्हणजे युएतलं सर्वांत वरचं. त्या गुप्त रंगाचा माल नक्की कोणता यावर आधी बरेच वाद होते. १९८७ मध्ये शानशीतल्याच फामन मंदिराचं तळघर उघडलं. ते ८७४ साली बंद केलेलं. त्यात भांडी होती आणि सोबत दगडावर कोरलेली यादीही. वाद मिटला. तिथली भांडी मात्र बहुतेक कोरी आहेत, नक्षीवाल्या माझ्यासारख्यांची निराशा.

---

लंडनची_सई

इतके दिवस नुसती वाचत होते. ब्रिटिश म्युझियमच्या ९५ नंबरच्या दालनात पर्सिव्हल डेव्हिड यांचा संग्रह आहे, सुमारे १७०० भांडी. हे गृहस्थ जन्मले आपल्या मुंबईत, १८९२ साली. वडील सर ससून डेव्हिड म्हणजे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. तिथे भांडी काचेच्या कपाटात एकमेकांना खेटून मांडलेली आहेत, त्यामुळे याओचौ आणि लोंगछ्वान पाठोपाठ बघता येतं.

काल हा धागा वाचून मुद्दाम गेले. एका याओचौ वाडग्यासमोर गुडघ्यावर बसले, दिवा एका बाजूने येत होता. वरून पाहिलं तर नक्षी शांत. खालून तिरकं पाहिलं तर पाकळीच्या एका कडेला ग्लेझ जवळजवळ काळपट आणि दुसऱ्या कडेला वाळक्या गवतासारखं. रक्षक येऊन विचारून गेला, बऱ्या आहात ना.

---

आजोळ_वेंगुर्ले

मंडळी, मला जरा मदत करा. आजोबा बोटीवर होते. त्यांनी रंगून की सिंगापूरहून एक हिरवं ताट आणलेलं, आता मावशीकडे काचेच्या कपाटात. मध्ये कमळ आहे. एका ओळखीच्या दलालाने पाहिलं आणि "सुंग काळातलं आहे, लगेच विकून टाका, बाहेरचं गिऱ्हाईक आहे" म्हणाला. मावशी आता रात्री झोपत नाही. फोटो डकवलाय.

---

खापरवेडा

मावशींना आधी झोपू द्या. आणि "बाहेरचं गिऱ्हाईक" ऐकलं की सावध व्हा. वस्तू खरंच शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही. आणि जुनी नसेल तर दलाल खोटं बोलतोय. दोन्हीकडून त्याचंच गणित चुकतं.

वरून काढलेल्या फोटोत मला रंगाशिवाय काही कळत नाही. ताट उलटं करून तळाचा फोटो हवा. लोंगछ्वानच्या मोठ्या ताटांना तळाशी बिनग्लेझचं एक कडं असतं, तिथे भट्टीत आधार ठेवलेला असायचा, आणि ते विटकरी झालेलं असतं. याओचौच्या पायाशी राखाडी माती, कडेला आल्यासारखी पिवळसर. आणि कमळाचा जवळून फोटो, टॉर्च बाजूला आडवा धरून. फ्लॅश नको, तो सगळं सपाट करतो.

---

केमिकल_लोच्या

थर्मोल्युमिनेसन्स चाचणीही असते. तळाला बारीक भोक पाडून चिमूटभर माती काढतात, शेवटचं कधी भाजलं ते साधारण कळतं. पण मावशींच्या देखत ड्रिल काढायची कोणाची हिंमत?

---

आजोळ_वेंगुर्ले

नवे फोटो टाकलेत. भावाने टॉर्च धरला. तळ पूर्ण हिरवा आहे, फक्त पायाची कड पांढरी.

---

मृण्मयी

कमळाचा फोटो मोठा करून पाहिला. सगळ्या पाकळ्यांची बाह्यरेषा एकाच जाडीची आहे आणि ग्लेझ रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखंच गडद. मधल्या बियांच्या ठिपक्यांची खोलीही सारखी. हे साच्यातलं. पायाची माती शुभ्र, कड यंत्राने कापल्यासारखी. माझ्या मते विसाव्या शतकातलं, कारखान्यात बनलेलं.

---

खापरवेडा

सहमत. साचा असणं हा नवं असल्याचा पुरावा नाही, साचे सुंग काळातही होते हे वर लिहिलंच आहे. पण शुभ्र माती, तळभर एकसारखं ग्लेझ आणि पायाची ती धारदार कड, हे तिन्ही एकत्र आलं की जुनं म्हणता येत नाही. फोटोवरून पैज लावत नाही, सालारजंग किंवा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात कोणी जाणकार भेटले तर प्रत्यक्ष दाखवा. दलालाला मात्र नाही म्हणून सांगा.

---

नलूताई

मग आता ते ताट वापरायला काढायला हरकत नाही ना? आजोबांनी आणलंय, कपाटात काय ठेवायचं.

---

मृण्मयी

नलूताई, खुशाल वापरा. फक्त आजोळ, टॉर्चच्या फोटोत डाव्या कडेला ग्लेझमध्ये जाळीसारखे बारीक तडे दिसतायत. त्यात हळद आणि तेल शिरतं आणि मग जन्मात निघत नाही. लाडू, करंज्या ठेवा. माशाची आमटी नको.

---

आजोळ_वेंगुर्ले

मावशीला वाचून दाखवलं. दलालाला फोन तिनेच केला, मालवणीतून. इथे लिहिता येणार नाही.